शेअरबाजाराची भरती-ओहोटी आणि घरची हौस

संसारातील खर्चाच्या दोन वाटा असतात. एक गरजेची आणि दुसरी हौसेची. धान्य, मीठ, तेल, औषधपाणी, शाळेची फी आणि बी-बियाणे हे खर्च पहिल्या वाटेने जातात. घरात पैसा असो वा नसो, ते टाळता येत नाहीत. पोळ्याला बैलांसाठी नवी झूल, दिवाळीला सर्वांना नवे कपडे, लग्नात चार पंगती जास्त, सुनेसाठी सोन्याचा एखादा डाग, मुलांसाठी सायकल, उन्हाळ्यात पचमढीची सहल हे खर्च दुसऱ्या वाटेचे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत यांना ऐच्छिक खर्च म्हणतात. आपल्या घरांतील बोलीत तीच हौस. आज झाली तर आनंद होतो. पुढल्या वर्षावर ढकलली तरी कोणी उपाशी राहत नाही.

हा भेद शास्त्रज्ञांच्याही फार पूर्वी ध्यानी आलेला आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास केला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो, आणि उत्पन्न वाढत गेले की तो हिस्सा घटत जातो, असे त्यास आढळले. म्हणजे घरात येणारा वाढीव पैसा मुख्यतः अन्नाबाहेरच्या वस्तूंकडे वळतो, आणि पैसा आटला की पहिला घाव हौसेवरच पडतो.

आता प्रश्न असा की, मुंबईच्या शेअरबाजारात भाव चढले किंवा उतरले, तर सौंसरच्या एखाद्या घरातील हौसेने त्याबरोबर का वरखाली व्हावे? आमच्या या भागातील बहुसंख्य कुटुंबांचे जीवन कापूस, संत्री, नोकरी वा छोटा व्यापार यांवर चालते. तथापि मार्च २०२० मध्ये साऱ्या देशात शेअर ठेवण्याची सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. बाजाराचा निर्देशांक आता भ्रमणध्वनीवर, ज्याच्या त्याच्या खिशात येऊन बसला आहे. तेव्हा हा विषय मुंबईच्या शेठजींचा, आपला नव्हे, असे म्हणून चालणार नाही. विद्यार्थी मित्रांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी तो एकत्र बसून समजून घ्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शेअर म्हणजे काय?

एखादा कारखाना काढावयास लागणारे भांडवल एका माणसाजवळ नसते. म्हणून त्याचे सारखे लहान लहान भाग पाडून ते अनेकांना विकतात. त्या एका भागास शेअर असे नाव आहे. ज्याच्याजवळ शेअर, तो त्या कारखान्याचा तेवढ्या अंशाने मालक. वर्षअखेर नफा झाला आणि तो वाटण्याचे ठरले, तर त्याच्या वाट्यास लाभांश येतो. शेअर नको असेल, तर तो बाजारात दुसऱ्याला विकता येतो. मुंबई शेअरबाजारातील ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून जो निर्देशांक काढतात, तो सेन्सेक्स. १९७८-७९ साल हा त्याचा पाया असून त्या वर्षीची पातळी १०० धरली आहे. तो १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला.

ही गोष्ट आपल्या संत्र्याच्या बागेवरून चांगली उमजेल. बागवानाला बागेपासून दोन प्रकारांनी पैसा मिळू शकतो. आंबिया बहाराची किंवा मृग बहाराची फळे विकून जो मिळतो, तो पहिला प्रकार. सबंध बागच विकून टाकली तर मिळतो, तो दुसरा. शेअरचा लाभांश म्हणजे फळांचा पैसा आणि शेअरचा भाव म्हणजे बागेची किंमत. समजा, शेजारची बाग एका धनिकाने दुप्पट किमतीस घेतली. त्याबरोबर आपलीही बाग दुप्पट मोलाची झाली असे बागवानास वाटू लागते. परंतु त्याच्या झाडांवर त्या दिवशी एकही संत्रे अधिक लागलेले नसते. बाग विकेपर्यंत ती श्रीमंती मनातच असते. आणि बाग विकली, तर पुढल्या वर्षीचा बहार दुसऱ्याच्या घरी जातो.

तरीही माणूस त्या मनातल्या श्रीमंतीवर खर्च करू लागतो. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. बाग आणि शेअर यांत एक महत्त्वाचा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. बागेची किंमत कोणी रोज विचारत नाही. पाच-दहा वर्षांत एखादे वेळी तो प्रसंग येतो. शेअरचा भाव मात्र बाजार चालू असेतोवर क्षणाक्षणाला पुकारला जातो. त्यामुळे शेअरधारकाचे मनही क्षणाक्षणाला श्रीमंत आणि गरीब होत राहते.

भाव आणि खर्च यांचा सांधा

शेअरचा भाव आणि घरचा खर्च यांना जोडणारे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग संपत्तीचा. ज्याच्या शेअरांची किंमत वाढली, त्याला म्हातारपणाची किंवा मुलीच्या लग्नाची तरतूद आपोआप होत आहे असे वाटते. मग तो चालू पगारातून कमी शिल्लक टाकतो आणि अधिक खर्च करतो. शेअर विकण्याची त्यास गरजही पडत नाही. बचतीचा हात सैल होणे पुरे असते.

दुसरा मार्ग विश्वासाचा. ज्यांच्याजवळ एकही शेअर नाही, तेही वर्तमानपत्रातील बाजाराची बातमी वाचतात आणि पुढील काळ कसा येणार याचा अंदाज बांधतात. बाजार कोसळला, की काही अरिष्ट येत आहे अशी धास्ती मनात शिरते आणि लोक मोठी खरेदी लांबणीवर टाकतात.

तिसरा मार्ग कर्जाचा. शेअर तारण ठेवून कर्ज मिळते. भाव चढले की त्याच शेअरांवर अधिक कर्ज निघते. भाव पडले की सावकार किंवा पेढी तगादा लावते. चढतीच्या काळात जो खर्च सुखाचा भासला, त्याची परतफेड उतरत्या काळात करावी लागते. चारही मार्गांत हा सर्वांत घातक होय.

चौथा मार्ग उत्पन्नाचा. बाजार तेजीत असला की कंपन्यांना नवे भांडवल सहज मिळते, त्या नवे कारखाने काढतात आणि नोकऱ्या वाढतात. मंदीत याच्या उलट घडते. हा मार्ग लांबचा व सावकाश चालणारा असला, तरी अखेर तो सामान्य माणसाच्या पगारापर्यंत येऊन पोहोचतो.

मुंबईचा शेअरांचा उन्माद

या चारही मार्गांचे दर्शन एकाच वेळी घडविणारा प्रसंग आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात होऊन गेला आहे, आणि त्याचे मूळ कापसात आहे. म्हणून आम्हा कापूस पिकविणाऱ्या मुलखातील लोकांस तो विशेष जवळचा वाटावा.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाच्या पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग तोवर अमेरिकेतून येत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि तो पुरवठा बंद पडला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचा भाव पाहता पाहता कित्येक पटींनी चढला. त्या पाच वर्षांत मुंबईस नेहमीच्या किमतीहून जो जादा पैसा मिळाला, तो सुमारे ८ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८० कोटी रुपये होता.

एवढा पैसा एका शहरात आला, तो ठेवावा कोठे? त्यातून नवनव्या कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या ८ कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. बॅकबेची भरणी करू इच्छिणाऱ्या कंपनीच्या ज्या शेअरांवर ५,००० रुपये भरलेले होते, त्यांचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या व्यवहारांतील सर्वांत मोठे नाव होते. सरकारचा पाठिंबा असलेल्या बँक ऑफ बॉम्बेसारख्या पेढीनेही शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जे दिली. त्या कर्जांतून पुन्हा शेअर घेतले गेले, त्यामुळे भाव आणखी चढले, आणि चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज निघाले.

हा पैसा हौसेच्या आणि दानाच्या वाटेनेही वाहिला. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दोन-दोन लाख रुपये दिले. आईच्या नावाने त्यांनी उभारविलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. खेड्यांतही पैसा खुळखुळू लागला. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या केल्या, अशी आख्यायिका त्या काळाविषयी सांगतात. तीत अतिशयोक्ती असेलही. तथापि अचानक आलेला पैसा प्रथम कोठे दिसू लागतो, हे त्या आख्यायिकेने नेमके टिपले आहे. आगगाडी नागपुरास पोहोचली ती १८६७ साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर. आमच्या बाजूचा कापूस त्या तेजीच्या वर्षांत बैलगाड्यांनीच मजल दरमजल करीत जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धावांच्या गोष्टीला वेगळीच गोडी येते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. युद्ध संपले. ती वार्ता मुंबईस येताच कापसाचा भाव घसरू लागला आणि त्यापाठोपाठ शेअरांचे भावही. त्या काळी पुष्कळसे सौदे वायद्याचे असत. आज भाव ठरवावयाचा आणि पुढील ठरलेल्या तारखेस पैसे चुकते करावयाचे. अशा असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी पैसे कोणापाशीच नव्हते. एक बुडाला, त्याच्यावर विसंबलेला दुसरा बुडाला, आणि दुसऱ्यावर विसंबलेला तिसरा. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे सुमारे ८७ रुपयांस विकला जाऊ लागला. ती बँक १८६८ साली गुंडाळावी लागली.

या आघाताचा माग केवळ श्रीमंतांच्या वह्यांत सापडतो असे नाही. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ भरली. तेजीच्या काळात कामासाठी आलेले पुष्कळ लोक काम सरताच निघून गेले. कारागीर, गवंडी, हमाल, शिंपी आणि खानावळवाले यांचे पोट ज्या खर्चावर चालत होते, तो खर्चच आटला होता. दख्खनच्या खेड्यांतही तेजीच्या दिवसांत सहज मिळालेले कर्ज मागे उरले आणि कापसाचे भाव मात्र गेले. सावकारांच्या कर्जरोख्यांविरुद्ध मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्याच्या कारणांत या उतरत्या काळाचीही गणना इतिहासकार करतात. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजचा मुंबई शेअरबाजार तो हाच.

मोटारी थांबल्या, किराणा चालू राहिला

दुसरा मोठा दाखला अमेरिकेचा. ऑक्टोबर १९२९ च्या अखेरीस न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. क्रिस्टिना रोमर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात त्या हिवाळ्यातील खरेदीचे बारकाईने परीक्षण केले. मोटारी आणि घरगुती यंत्रे यांसारख्या टिकाऊ वस्तूंची खरेदी एकाएकी घटली होती. किराणा मालाचा खप मात्र तसा घटला नव्हता.

याचा उलगडा असा आहे. मोटार ही एकदा घेतली की परत करता येत नाही, आणि तिचे हप्ते वर्षानुवर्षे फेडावे लागतात. उद्या नोकरी राहील की जाईल हे ठाऊक नसेल, तर शहाणा माणूस म्हणतो, ‘चार महिने थांबू.’ तो गरीब झालेला नसतो. त्याला केवळ पुढचे दिसेनासे झालेले असते. परंतु लाखो माणसांनी एकाच वेळी ‘चार महिने थांबू’ असे म्हटले, की मोटारीचे कारखाने थांबतात, तेथील कामगार घरी बसतात, आणि ज्या बेकारीची धास्ती होती ती खरोखरच येते. धास्तीने आपले म्हणणे आपणच खरे करून दाखविण्याचा हा प्रकार होय.

आपल्या देशातील चढउतार

स्वातंत्र्योत्तर भारतातही असे चढउतार झाले आहेत. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर पोहोचला. बँकांच्या रोख्यांतील घोटाळा उघडकीस आला आणि काही महिन्यांतच तो २,६०० च्याही खाली आला. जानेवारी २००८ मध्ये त्याने २१ हजारांची पातळी ओलांडली होती. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्याही खाली होता. करोनाच्या साथीत, २३ मार्च २०२० या एका दिवसात तो शेकडा १३ हून अधिक कोसळून २६ हजारांच्या खाली आला. आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांस स्पर्श केला.

येथे विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या भागात लग्नांचे मांडव लहान झाले, सहली रद्द झाल्या, कपड्यांची दुकाने ओस पडली. त्याच सुमारास सेन्सेक्सही पडलेला होता. परंतु मांडव सेन्सेक्समुळे लहान झाले नव्हते. साथ आणि टाळेबंदी या तिसऱ्याच कारणाने दोन्हींवर आघात केला होता. १८६५ सालीही कापसाचा भाव घसरल्यामुळे शेअर पडले आणि शेतकऱ्याचे उत्पन्नही पडले. तेव्हा खर्च आटण्याचे सारे श्रेय एकट्या शेअरांस देता येणार नाही.

मग शेअरांचा स्वतःचा असा परिणाम किती? अमेरिकेतील निरनिराळ्या परगण्यांची तुलना करून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक अंदाज मांडला आहे. लोकांच्या शेअरांची किंमत १०० रुपयांनी वाढली, तर त्यांचा वर्षाचा खर्च सुमारे ३ रुपयांनी वाढतो, असे त्याचे तात्पर्य आपल्या नाण्यांत सांगता येईल. आता हा हिशेब एका काल्पनिक कुटुंबाला लावून पाहू. घरात २ लाख रुपयांचे शेअर किंवा म्युच्युअल फंड आहेत, आणि बाजार शेकडा २० चढला. संपत्ती ४०,००० रुपयांनी वाढली. त्यामुळे खर्चात पडणारी भर वर्षाला अदमासे १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १००. कापसाच्या भावात क्विंटलमागे काही शे रुपयांचा फरक पडला किंवा गारपिटीने संत्र्याचा बहार गेला, तर याच्या कितीतरी पट फरक त्या घरास सोसावा लागतो. सौंसरच्या सामान्य कुटुंबाच्या हौसेचा खरा सेन्सेक्स अद्याप शेतातच आहे.

त्याच संशोधनातील दुसरा निष्कर्ष आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. बाजाराच्या चढउताराचा परिणाम दूर देशी माल पाठविणाऱ्या कारखान्यांतील रोजगारावर दिसला नाही. तो दिसला गावच्या दुकानांत, उपाहारगृहांत आणि इतर स्थानिक सेवांत. याचे कारण सरळ आहे. माणूस हौसेचा पैसा बहुधा आपल्याच गावात खर्च करतो. त्याने दिवाळीचा पोशाख शिवला नाही, तर त्याच गल्लीतला शिंपी रिकामा बसतो. त्याने लग्नातील पंगती निम्म्या केल्या, तर आचारी, वाजंत्री, मांडववाला आणि फूलवाला या चौघांच्या घरी त्या महिन्यात कमी पैसा जातो. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा सुटाच्या कापडाचा कारखाना आहे. सुटाचे कापड हीदेखील हौसेचीच वस्तू. देशभरातील नवरदेवांनी नवा सूट पुढे ढकलला, तर त्याची झळ आमच्याच तालुक्यातील कामगाराला लागू शकते. मग त्याच्याजवळ स्वतःचा एकही शेअर का नसेना.

एकाची हौस ही दुसऱ्याची भाकरी असते. म्हणून हौसेच्या खर्चाला केवळ उधळपट्टी म्हणून हिणवणे बरोबर नाही.

तोटा मनाला अधिक का लागतो?

मानसशास्त्राचा एक शोध येथे उपयोगी पडतो. डॅनिएल काहनमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोघा शास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, शंभर रुपये मिळाल्याचा जितका आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख पुष्कळ मोठे असते. पुढील प्रयोगांत ते सुमारे दुप्पट भरले. दररोज भाव पाहणाऱ्यास पडते दिवसही तेवढेच वारंवार दिसतात आणि त्यांची बोच दुणावते. वर्षातून एकदा पाहणाऱ्यास तोच बाजार बराच शांत भासतो.

लाभांश आणि भाववाढ यांविषयीही माणसाचे मन निरनिराळे वागते. हातात आलेला लाभांश लोक भाववाढीपेक्षा अधिक सहजपणे खर्च करतात, असे २००७ सालच्या एका अभ्यासात आढळले. बागवानाचा स्वभाव याहून वेगळा नाही. फळांच्या पैशातून तो सण साजरा करतो. बागेला हात लावत नाही. हा जुना शहाणपणा शेअरांच्या बाबतीतही टिकविला, तर बरेच अनर्थ टळतील.

वायद्याचा नवा अवतार

१८६५ सालच्या वायद्याच्या सौद्यांची आठवण करून देणारी एक गोष्ट आज आपल्या तरुणांच्या हाती आली आहे. फ्यूचर्स आणि ऑप्शन्स या नावांनी चालणाऱ्या व्यवहारांत थोडी रक्कम भरून मोठ्या रकमेचा सौदा करता येतो. भाव अनुकूल गेला तर लाभ मोठा. प्रतिकूल गेला तर भरलेले पैसे क्षणात जातात. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन वर्षांचा हिशेब मांडला आहे. अशा व्यवहारांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला, आणि तोटा सरासरीने माणशी सुमारे २ लाख रुपये होता.

दोन लाख रुपये ही रक्कम एखाद्या मोठ्या व्यापाऱ्यास किरकोळ वाटेल. आमच्याकडील पुष्कळ घरांत ती मुलीच्या उच्च शिक्षणाची किंवा विहिरीच्या खोदकामाची असते. येथे हौसेच्या खर्चाची गोष्ट उरत नाही. गरजेच्या वाटेलाच धक्का बसतो. घरातील एखादा मुलगा हे व्यवहार करीत असेल, तर त्याच्यावर ओरडण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून शंभरातील त्र्याण्णव या आकड्याचा अर्थ त्यास समजावून द्यावा, असे आम्ही पालकांस सुचवितो.

घरात काय करावे?

या सर्व विवेचनातून कुटुंबास उपयोगी पडतील अशी चार सूत्रे आम्हांस दिसतात.

पहिले असे की, ज्या पैशाची पुढील चार-पाच वर्षांत निश्चित गरज पडणार आहे, तो शेअरबाजारात ठेवू नये. सेन्सेक्स २००९ नंतर सावरला आणि २०२० नंतरही सावरला. परंतु कॉलेजच्या प्रवेशाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

दुसरे, न विकलेल्या शेअरचा नफा जमेच्या बाजूस मांडून हौसेचा बेत करू नये. हाती आलेल्या पैशातून खुशाल करावा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीतले अंथरूण म्हणजे प्रत्यक्ष घरात असलेले अंथरूण. दुकानात पाहून ठेवलेले नव्हे.

तिसरे, शेअर तारण ठेवून किंवा कर्ज काढून सण करू नये. मुंबईच्या लक्षाधीशांना हे सोसले नाही, तेथे आपणांस ते सोसेल असे मानण्यास आधार नाही.

चौथे सूत्र उलट बाजूचे आहे. बाजार एक दिवस कोसळला म्हणून घाबरून घरातील सगळा आनंद बंद करू नये. ज्याचे उत्पन्न सुरक्षित आहे, त्याने ठरलेला पोशाख शिवावा आणि ठरलेली सहल करावी. आपल्या त्या लहानशा खर्चावर गावातील दुसऱ्या कोणाची तरी दिवाळी अवलंबून असते.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवितो. पुढील वर्षभर प्रत्येक महिन्याच्या अखेरीस एका वहीत चार आकडे टिपावे: सेन्सेक्स, बाजार समितीतील कापसाचा भाव, संत्र्याचा भाव आणि आपल्या घरचा हौसेचा खर्च. शेवटच्या आकड्यासाठी आई-वडिलांस विचारावे लागेल, आणि तेवढ्या निमित्ताने घरच्या जमाखर्चाविषयी मोकळे बोलणे होईल. वर्षअखेर चारही आकड्यांचे आलेख एका कागदावर काढावे. आपल्या घरची हौस यांपैकी कोणत्या रेषेच्या मागून चालते, हे ज्याचे त्यास दिसेल. कदाचित ती कापसाच्या रेषेमागून जात असेल, कदाचित पगाराच्या तारखेमागून. एखाद्या घरात ती सेन्सेक्सच्याच पावलांवर पाऊल ठेवून चालताना आढळली, तर त्या घरातील मंडळींनी वर सांगितलेल्या सूत्रांचा पुन्हा एकदा विचार करावा.